लशीचे दुष्परिणाम : आकडा पाहा, अवधीही पाहा

रत्नागिरी : ‘कोव्हिशिल्ड’च्या मूळ लशीमुळे अतिदुर्मीळ प्रसंगी रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधील न्यायालयात मान्य केल्याचे वृत्त एप्रिल २०२४ च्या अखेरीस आले. लस घेऊन दोन-तीन वर्षे झालेल्या रत्नागिरीकरांनाही त्याने धास्ती वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः ही माहिती नवी नव्हती.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजीच ती जाहीर केली होती. तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ घटना गुठळ्यांच्या असण्याची शक्यता होती. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे ०.६१, म्हणजे एक कोटीमागे सुमारे सहा इतके होते. ब्रिटनमध्ये दहा लाखांमागे ४, तर जर्मनीत १० घटना नोंदल्या गेल्या होत्या.

अशा वृत्तात दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, किती मात्रांमागे किती घटना? दुसरी, लशीनंतर किती दिवसांत? तेव्हाच्या सूचनेत २० दिवसांचा अवधी दिला होता. त्या काळात धाप लागणे, छातीत दुखणे, हातापायांना सूज किंवा तीव्र डोकेदुखी जाणवल्यास लसीकरण केंद्राला कळवायचे होते. त्यामुळे तीन वर्षांनंतर घाबरण्याचे कारण नव्हते. मात्र ‘धोका मुळीच नाही’ हा दिलासाही तितकाच फसवा. कारण त्या २० दिवसांत लक्षण वेळीच ओळखल्यास जीव वाचू शकतो.