कॉलेजला जाताना गाडी हवीच का?

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या संपतात आणि सारे घर होस्टेलच्या सामानाची यादी करायला बसते. गादी, बादली, कुलूप, कपडे वाळत घालायची दोरी, आजीच्या हातचा बेसनाच्या लाडवांचा डबा. अलीकडे या यादीच्या शेवटी हळूच आणखी एक नाव येऊन बसते, ते म्हणजे गाडी. बादलीबद्दल कुणी वाद घालत नाही. गाडीचे नाव निघाले, की मात्र घरात दोन तट पडतात.

समजा, हे घर इंदूरमधल्या एका मराठी कुटुंबाचे आहे. मुलीला पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे. बाबांनी नवी मोटार घेतल्यापासून जुनी छोटी गाडी दारात नुसती उभी असते. बाबा म्हणतात, ‘धूळ खात पडण्यापेक्षा पोरीच्या उपयोगी पडेल.’ आईला वाटते, रात्री उशिरा रिक्षा शोधत उभे राहण्यापेक्षा स्वतःची गाडी बरी. आजीचे म्हणणे एवढेच, की परक्या गावात पोर एकटी गाडी हाकणार हे काही आपल्याला झोप लागू देणार नाही. आणि मुलगी? तिच्या डोळ्यांसमोर मैत्रिणींना घेऊन निघालेली गाडी आधीच धावू लागलेली असते.

यातले कुणाचेच म्हणणे अगदी चुकीचे नाही. म्हणूनच हा निर्णय हौसेवर किंवा धाकावर सोडून चालत नाही.

‘आमच्या वेळी आम्ही पायी जात होतो’ हे वाक्य मात्र या चर्चेत आणू नये. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर होते हे खरे. पण त्याच पुण्यातल्या कायनेटिक कंपनीची लुना १९७२ साली बाजारात आली, १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या असंख्य मुलींना घरातल्या पुरुषाची वाट न पाहता बाहेर पडता येऊ लागले. स्वतःचे वाहन असलेल्या मुलीचा क्लास, ग्रंथालय, नोकरीची मुलाखत दुसऱ्याच्या सोयीवर अडून राहत नाही. हा फायदा मोठा आहे. प्रश्न इतकाच, की या मुलीला, या कॉलेजात, या वर्षी तो फायदा खरोखर मिळणार आहे का?

आधी रस्ता मोजा

त्याचे उत्तर घरी बसून मिळत नाही. होस्टेल आणि कॉलेज यांच्यामधला रस्ता एकदा डोळ्यांनी पाहावा लागतो. पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो सुरू झाली, तेव्हाच्या एका मार्गाचे शेवटचे स्थानक होते गरवारे कॉलेज. पुढे मार्ग वाढत गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत पोहोचली. शिवाजीनगर, डेक्कन या भागांत राहून तिथेच शिकणाऱ्या मुलीला मोटार म्हणजे सोयीपेक्षा ओझेच. वर्ग सुरू व्हायला दहा मिनिटे उरली असताना गाडी लावायला जागा शोधत फिरण्यात काय सुख आहे, हे तिथल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारावे.

पण पुण्यातली बरीच नवी महाविद्यालये शहराच्या कडेला आहेत. आंबेगाव, नऱ्हे, लोहगाव, वाघोली या बाजूंना राहणाऱ्या मुलीचे गणित वेगळे होते. संध्याकाळी प्रयोगशाळेतून निघायला उशीर झाला, की बस किती वेळाने येते, थांब्यापासून खोलीपर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हे प्रश्न तिथे खरे असतात. तरीही पहिला महिनाभर मुलीने बसने, सहा आसनी रिक्षाने, मैत्रिणींबरोबर वाटून घेतलेल्या रिक्षाने जाऊन पाहावे. शहर कळते ते असेच. आल्या दिवशी गाडी हातात पडली, तर शहराची ओळख मोबाइलच्या नकाशापुरतीच राहते.

कॉलेज आणि होस्टेल यांचे नियमही प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावेत. अनेक वसतिगृहांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वाहन ठेवू देत नाहीत. गाडी सहाशे किलोमीटर आणून मग ती कुणाच्या तरी इमारतीबाहेर रस्त्यावर उभी करायची, यासारखा मनस्ताप नाही.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडला, की निम्मा उत्साह आपोआप शांत होतो. जायचे दहा आणि यायचे दहा असे दिवसाला वीस किलोमीटर धरले, तर पंचवीस दिवसांचे पाचशे होतात. शहरातल्या गर्दीत छोटी गाडी लिटरला चौदा किलोमीटर गेली तरी छत्तीस लिटर पेट्रोल लागते. लिटरमागे नुसते शंभर रुपये धरले, तरी महिन्याला तीन हजार सहाशे झाले, आणि यात रविवारची भटकंती धरलेलीच नाही. विमा, सर्व्हिसिंग, कधी टायर, कधी बॅटरी हे वेगळेच. दिवाळीत आणि उन्हाळ्यात मुलगी रेल्वेने घरी येणार, तेव्हा गाडी उभी कुठे राहणार आणि तिच्याकडे कोण पाहणार, हा प्रश्न तर यादीत कुणी लिहीतच नाही.

नाव बाबांचे, जबाबदारीही

पैशांपेक्षा महत्त्वाची गोष्ट कायद्याची आहे. प्रवेशाच्या वेळी अनेक मुलांना अठरावे वर्ष पुरे झालेले नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मोटारीचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी. लुनाच्या काळात या सवलतीला अर्थ होता. आज मुले चालवतात त्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या असतात. म्हणजे ‘सोळाचा परवाना आहे ना’ म्हणून सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणारे पालक कायदा मोडत असतात, आणि पुष्कळांना त्याची कल्पनाही नसते.

२०१९ साली या कायद्यात १९९अ हे कलम आले. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहन चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला माहीत नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याचा भार पालकांवरच असतो.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात काय झाले, ते सगळ्या देशाने वाचले. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या महागड्या मोटारीने मोटारसायकलला धडक दिली आणि चोवीस वर्षांचे दोन अभियंते, एक तरुण आणि एक तरुणी, जागीच गेले. दोघेही मूळचे मध्य प्रदेशातले, नोकरीसाठी पुण्यात आलेले. मोटारीची कायम नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. पुढे जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध खूप गाजला. पण घराघरांत बोलायला हवे होते ते किल्लीबद्दल: ती मुलाच्या हातात कशी आली?

ही घटना टोकाची होती हे मान्य. पण रस्त्यावर जाणारे जीव बहुतांशी तरुणांचेच असतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे दोनतृतीयांश अठरा ते पंचेचाळीस या वयाची होती. हेल्मेट न घातलेल्यांची संख्या त्यात पन्नास हजारांवर होती. मोटार नको म्हणून दुचाकी देणाऱ्या पालकांनी हा आकडा विसरू नये. दुचाकी स्वस्त पडते, सुरक्षित पडतेच असे नाही.

विम्याच्या कागदातही एक बारीक गोष्ट असते. मालकाने स्वतः गाडी चालवताना अपघात झाला, तर त्याच्यासाठी पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. गाडी बाबांच्या नावावर आणि चालवणार मुलगी, तर हे संरक्षण तिला लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गाडीत बसणाऱ्या मैत्रिणींचे काय, तेही विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. आणि परवाना नसलेल्या मित्राने गाडी चालवून कुणाला उडवले, तर कंपनीने भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करावी असे आदेश न्यायालये देतात. मालक म्हणजे इंदूरला घरी बसलेले बाबा.

परराज्यातली गाडी असेल तर आणखी एक अडचण आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ ठेवायची, तर तिथला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मूळ राज्याच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यातला कर, जुन्या राज्याकडून उरलेल्या कराचा परतावा, असे हे प्रकरण असते. इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे एमपी ०९ ची पाटी घेऊन चारही वर्षे काढता येणार नाहीत. मुलीचा परवाना मात्र कुठेही काढलेला असो, साऱ्या देशात चालतो.

‘चल ना, लगेच येऊ’

एवढे सगळे जमले, तरी ज्याची चर्चा घरात होत नाही अशी एक गोष्ट उरते. होस्टेलमध्ये ज्याच्याकडे गाडी, तो सगळ्यांचा सारथी होतो. कुणाला स्टेशनवर सोडायचे, कुणाच्या भावाला आणायचे, रात्री अकराला कुणाला भुर्जीपाव खायचा असतो. पावसाळ्यात सिंहगड, ताम्हिणी, लोणावळा असतेच. पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, गाणी मोठ्याने लागतात, आणि पेट्रोलचे पैसे काढायच्या वेळी सगळ्यांना झोप लागते. ‘नाही’ म्हणणारा शिष्ट ठरतो. अठरा वर्षांच्या वयात शिष्ट ठरणे किती जड जाते, हे मोठी माणसे विसरून गेलेली असतात.

म्हणून गाडी चालवता येते का, यापेक्षा ‘नाही’ म्हणता येते का, हे पाहायला हवे. दोन मिनिटे चालवायला दे म्हणणाऱ्या मित्राला किल्ली नाकारता येते का? पिऊन आलेल्याला पुढच्या सीटवरून उठवता येते का? आणि ज्या रात्री मुलगी स्वतःच दमलेली, रडवेली किंवा झोपाळलेली असेल, त्या रात्री गाडी तिथेच सोडून रिक्षाने परत यायला तिला घरातून परवानगी आहे का? ही परवानगी आधीच, स्पष्ट शब्दांत द्यावी. रिक्षाला झालेले तीनशे रुपये बाबांनी न कुरकुरता द्यावेत. गाडी कुठे आहे, का सोडली, ही चौकशी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर करावी.

ही उत्तरे जूनमध्ये मिळत नाहीत. पहिले सहा महिने गाडीशिवाय काढल्यावर मुलीलाही कळते, की तिला गाडी हवी होती की गाडीवाली म्हणून ओळख हवी होती. पुष्कळ मुली दिवाळीत घरी येऊन स्वतःच सांगतात, ‘राहू दे बाबा, स्कूटर पुरेल.’ स्कूटर पाठवणे तसे सोपे. टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून ती रेल्वेच्या पार्सलने जाते, सोबत नोंदणीच्या कागदाची प्रत द्यावी लागते.

आणि पहिल्या सत्रानंतरही मोटारच हवी असे दोघांचे मत पडले, तर गाडी ड्रायव्हरच्या हाती पाठवू नये. मुलीनेच ती न्यावी, शेजारी बाबांनी बसावे. पहाटे इंदूर सोडायचे, सेंधव्याजवळचा बिजासन घाट उजेडात उतरायचा, धुळ्याला पोटभर जेवायचे, अंधार पडू लागला तर वाटेत मुक्काम करायचा. ट्रकच्या मागे ती किती अंतर ठेवते, मागून हॉर्न वाजला की गडबडते का, फोन वाजला तर हात कुठे जातो, हे सहाशे किलोमीटरमध्ये सगळे दिसते. बाबांनी शक्य तितके गप्प बसावे. पुण्याला पोहोचल्यावर दुसरी किल्ली खिशात टाकून त्यांनी रेल्वेने परत यावे. गाडी तिथे ठेवायची की नाही, ते ठरवून.