सिंहलाची कथा आणि तिचीं चित्रें



कथा सांगणें सोपें, पण ती दाखविणें अवघड, असा अनुभव मला नुकताच आला. वाशीमच्या एका वाचनालयांत मुलांपुढें पडद्यावर चित्रें दाखवून एखादी जुनी अद्भुतकथा सांगावी, अशी सूचना मला झाली होती. रामायणांतील किंवा पंचतंत्रांतील कथा घेतली असती तर चित्रांचा ढीग पडला असता. परंतु ज्या गांवांत बोलावयाचें त्या गांवाशीं जिचें कांहीं नातें आहे अशी कथा घ्यावी, असें मनांत आलें आणि मीं सिंहल सार्थवाहाची कथा निवडली. ही कथा आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाहीं. आणि अशा कथेचीं चित्रें तिच्या स्वतःच्या नांवाखालीं सांपडतीलच असें नाहीं, हें मला पुढें कळलें.

वाशीमचें आणि या कथेचें नातें आधीं सांगतों. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करीत होती. १९३९ सालीं वाशीमलाच सांपडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. या शाखेंतला शेवटचा थोर राजा हरिषेण, इसवी सनाच्या पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. अजिंठ्याचें सोळावें लेणें त्याचा मंत्री वराहदेव यानें खोदविलें. सतरावें लेणें एका मांडलिक राजानें करविलें, आणि तेथील शिलालेखांतही हरिषेणाचा उल्लेख आहे. या सतराव्या लेण्याच्या दालनांत शिरल्यावर उजव्या बाजूच्या भिंतीवर सिंहलाची कथा रंगविलेली आहे. वाशीमच्या राजाच्या अमलांत जी कथा भिंतीवर चढली, ती वाशीमच्या मुलांनीं पाहिलेली नसावी, याची मला चुटपुट लागली होती.

कथा अशी. सिंहल नांवाचा एका व्यापाऱ्याचा मुलगा पांचशें सोबती घेऊन समुद्रावर निघाला. वाटेंत तारूं फुटलें आणि सारे ताम्रद्वीपाच्या किनाऱ्याला लागले. तेथें सुंदर स्त्रियांनीं त्यांचें स्वागत केलें, अन्न दिलें, घरें दिलीं, त्यांच्याशीं संसार मांडले. एकच अट घातली : दक्षिणेच्या वाटेनें जाऊं नये. अशी अट घातली कीं ती मोडणारा निघतोच. सिंहल रात्रीं तलवार घेऊन त्या वाटेनें गेला, तों त्याला लोखंडाची एक नगरी लागली. आंत पूर्वीं फुटलेल्या तारवांतले व्यापारी कोंडलेले होते. या स्त्रिया राक्षसिणी असून नवें तारूं आलें कीं जुन्या नवऱ्यांना खाऊन टाकतात, हें त्याला त्यांच्याकडून कळलें. सुटकेचा मार्ग एकच होता. उपोसथाच्या पुण्यदिवशीं बालाह नांवाचा अश्वराज तेथें येई आणि पैलतीरीं कोणाला जावयाचें आहे असें विचारी. सिंहलानें सोबत्यांना जमवून अश्वराजाला गांठलें. मागें वळून पाहूं नका, एवढेंच त्यानें बजावलें. राक्षसिणी मुलें कडेवर घेऊन आक्रोश करीत आल्या. सोबत्यांनीं वळून पाहिलें आणि ते खालीं पडले. एकटा सिंहल घरीं पोंचला.

आपल्या आजीच्या गोष्टी बहुधा येथें संपतात. ही संपत नाहीं. सिंहलाची राक्षसीण हुबेहूब त्याच्यासारखें दिसणारें मूल घेऊन राजाच्या दरबारांत आली आणि नवऱ्यानें टाकलें म्हणून दाद मागूं लागली. ही राक्षसीण आहे, असें सिंहलानें परोपरीनें सांगितलें. पण राजा तिच्यावर भाळला होता. तुला नको असेल तर माझ्या अंतःपुरांत राहूं दे, असें म्हणून त्यानें तिला ठेवून घेतलें. त्याच रात्रीं तिनें आपल्या साऱ्या बहिणींना बोलावून आणलें. सकाळीं राजवाड्याचें दार उघडेना आणि वर गिधाडें घिरट्या घालूं लागलीं, तेव्हां काय झालें तें लोकांना समजलें. सिंहल शिडी लावून आंत उतरला, त्यानें राक्षसिणींना हुसकून लावलें, आणि लोकांनीं त्यालाच राज्यावर बसविलें. पुढें सैन्य घेऊन त्यानें तें बेट जिंकलें. त्याच्या नांवावरून त्याला सिंहलद्वीप म्हणूं लागले.

आतां चित्रांकडे वळूं. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या; पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकींच. या नकलांवरून १८९६ व १८९७ सालीं दोन भव्य खंड निघाले. त्यांत मला हवी असलेली भिंत मिळाली, परंतु नांव निराळेंच : विजयाचें लंकेंत आगमन आणि त्याचा राज्याभिषेक. हत्ती, घोडे, नौका, भाले घेतलेले वीर आणि पुढें अभिषेक, एवढें पाहून त्या काळच्या अभ्यासकांना महावंशांतील विजयाची आठवण व्हावी, हें स्वाभाविक होतें. तोच मथळा अजूनहि पुष्कळ पुस्तकांतून नकलला जातो. मीहि तो क्षणभर खरा मानला आणि माझी निवडच चुकली कीं काय, अशा शंकेंत पडलों.

निर्णय चित्रानेंच दिला. विजयाच्या कथेंत कुवेणी नांवाची यक्षिणी आहे, पण आकाशांतून माणसें वाहून नेणारा घोडा नाहीं, आणि दरबारांत मूल घेऊन दाद मागणारी स्त्रीहि नाहीं. भिंतीवर पांढरा घोडा आहे आणि ती स्त्रीहि आहे. पालि जातकांतल्या वलाहस्स-कथेंत घोडा आहे, पण दरबार व लढाई नाहीं; शिवाय तेथें निम्मे व्यापारी सुटतात. घोडा, दरबार आणि स्वारी, तिन्ही एकत्र येतात तीं दिव्यावदानांतल्या सिंहलकथेंत. म्हणून मीं कथेचें नांव शोधणें सोडून दिलें आणि प्रसंग शोधूं लागलों. ज्याला अपरिचित कथेचीं चित्रें हवींत त्यानें खुणेच्या दोनतीन वस्तु मनाशीं ठरवाव्या आणि मथळा झांकून चित्र पाहावें, हें मला सर्वांत उपयोगीं पडलें.

दुसरी अडचण क्रमाची. पुस्तकाच्या पानाप्रमाणें डावीकडून उजवीकडे वाचीत गेलें तर ही भिंत लागत नाहीं. अजिंठ्याचा चित्रकार पुष्कळदां प्रसंग काळाच्या क्रमानें न मांडतां स्थळाप्रमाणें मांडतो. एका ठिकाणीं घडलेल्या गोष्टी तेथेंच जवळजवळ येतात, मग त्यांच्यामध्यें कितीहि दिवस गेलेले असोत. जर्मन पंडित डीटर श्लिंग्लोफ यांनीं हें बारकाईनें दाखविलें आहे. त्यांच्या ग्रंथांतलीं रेखाचित्रें व्याख्यात्याला फार सोयीचीं, कारण झिजलेल्या भिंतीवर जें डोळ्याला दिसत नाहीं तें रेघेंत स्पष्ट होतें.

नकला पाहतांना त्यांचें दुर्दैवहि ध्यानांत ठेवावें लागतें. मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून अजिंठ्यास राहून केलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळाल्या. ग्रिफिथ्स यांच्याहि पुष्कळशा नकला १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टन येथें आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. नकलेसाठीं रंग उठून दिसावे म्हणून भिंतींवर रोगण चढविलें गेलें, तें पुढें त्या चित्रांनाच बाधलें. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारनें आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं सुटणारे पोपडे जागीं बसविले, हे उपकार खरे. पण त्यांनीं लावलेलें लाखेचें रोगणहि कालांतरानें पिवळें पडलें. म्हणून जुन्या छायाचित्रांतला पिवळसरपणा हा मूळ रंग समजूं नये. गुलाम याझदानी यांचे १९३० ते १९५५ या काळांत निघालेले चार भाग ताडून पाहिले म्हणजे भिंतीची त्या वेळची स्थिति कळते.

हीं जुनीं पुस्तकें आतां मोठ्या ग्रंथालयांनीं संगणकावर ठेवलीं आहेत. ग्रिफिथ्स १९१८ सालीं वारले, तेव्हां त्यांचीं चित्रें दाखविण्यास स्वामित्वहक्काची आडकाठी नाहीं. हल्लींच्या छायाचित्रकारांचीं चित्रें मात्र परवानगीवांचून घेऊं नयेत. स्वतः अजिंठ्यास जाऊन छायाचित्र घेणाऱ्यानें दिव्याचा झोत टाकूं नये. तेथें त्याला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

व्याख्यानासाठीं मीं शेवटीं पांच चित्रें ठेवलीं : फुटलेलें तारूं, पांढरा घोडा, दरबारांतली स्त्री आणि बेटावरची स्वारी, हीं चार अजिंठ्याचीं, पांचवें कंबोडियांतलें. अंकोर येथें सातव्या जयवर्म्यानें बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या नेआक पोआन नांवाच्या तळ्यांत एक दगडी घोडा आहे, आणि त्याच्या अंगाला माणसें घट्ट बिलगलेलीं आहेत. तो बालाहच. प्रत्येक चित्राखालीं मीं तें कोठलें, नक्कल कीं छायाचित्र, आणि कोणत्या सालचें, एवढें लिहिलें. विजयाचा जुना मथळाहि पुसून टाकला नाहीं. मुलांना तो दाखवून विचारणार आहें, यांत विजय कोठें दिसतो तें सांगा.