माऊस माझ्या हातात, कॉम्प्युटर तुमचा

महिन्याची ११ तारीख म्हणजे आमच्या धंद्यात कत्तलीची रात्र. मासिक जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरायची ती शेवटची मुदत. मी सांगलीत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या सपोर्टचं काम करतो. तासगावचे बेदाणा व्यापारी, इचलकरंजीची सूत दुकानं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडती, सगळ्यांना त्याच संध्याकाळी माझी आठवण होते. पूर्वी गाडीला किक मारून निघावं लागायचं आणि तासगावचं काम उरकेपर्यंत इचलकरंजीवाले तापलेले असायचे. आता माझं पहिलं वाक्य ठरलेलं : "एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा."

नऊ-दहा आकड्यांचा हा नंबर म्हणजे त्या कॉम्प्युटरचा पत्ता. दुकानातला आणि माझा, दोन्ही कॉम्प्युटर एनीडेस्क या लांबून कॉम्प्युटर चालवायच्या अ‍ॅपमधून आपणहून त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात आणि सर्व्हर त्यांची गाठ घालून देतो. समोरच्याने परवानगीचं बटण दाबलं की त्यांच्या स्क्रीनचं चित्र माझ्याकडे येऊ लागतं, तेही मुख्यतः जेवढा भाग बदलला तेवढंच. माझ्याकडून जातात फक्त की-बोर्डची बटणं आणि माऊसच्या हालचाली. म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही काम निभावतं. टॅलीचा डेटा दुकानातून हलत नाही.

परवा एका अडतीतले दिवाणजी घायकुतीला आले होते. एक बिल जीएसटीचं पोर्टल काही केल्या घेईना. जोडणी झाली, पण तेही माऊस हलवतायत आणि मीही. बाण स्क्रीनभर सैरावैरा.

"दिवाणजी, माऊस सोडा हो."

"सोडला, साहेब."

गिऱ्हाईकाचं लेजर उघडलं. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा. त्यातलं चौदावं अक्षर बहुतेक नंबरांत इंग्रजी झेड असतं. दिवाणजींनी तिथे २ मारला होता. फोनवर अक्षरं वाचून घेत बसलो असतो तर दोघांचीही डोकी फिरली असती.

काम सोपं झालं तरी शिस्त सोडून चालत नाही. जोडणीआधी बँकेचं पान आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद करायला लावतो. डेटाला हात लावण्यापूर्वी बॅकअप. पासवर्ड आणि ओटीपी गिऱ्हाईकाने स्वतः टाकायचे, मला सांगायचे नाहीत. "कायमचा पासवर्ड लावून ठेवा, म्हणजे आम्ही जेवायला गेलो तरी तुमचं चालू राहील," असं शेठ म्हणतात. मी नको म्हणतो. मालक किंवा दिवाणजी स्क्रीनसमोर बसलेले हवेत. काही हुशार मंडळी विंडोजची स्वतःची रिमोट डेस्कटॉप सोय थेट इंटरनेटवर उघडी टाकतात. तिचं ३३८९ नंबरचं पोर्ट असं उघडं ठेवणं म्हणजे रॅन्समवेअरला आवतण. मग एका सकाळी टॅलीची फाईल उघडत नाही आणि पैशांची मागणी तेवढी स्क्रीनवर असते.

एनीडेस्कच्या सोयीवर भामट्यांचाही धंदा चालतो. "केवायसी संपलंय, रिफंड अडकलाय" म्हणत फोन येतो, हेच अ‍ॅप मोबाईलवर घ्यायला सांगतात आणि नंबर विचारतात. एकदा परवानगी दिली की मोबाईलवर येणारे ओटीपी त्यांना बसल्या जागी वाचता येतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कचं नाव घेऊन याबद्दल सावध केलं होतं. दोष अ‍ॅपचा नाही. मी वापरतो ते आणि भामटा वापरतो ते एकच.

फरक ओळखायची खूण सोपी आहे : फोन कोणी केला? अडचण तुमची, फोन तुम्ही केलात, माणूस ओळखीचा, तर नंबर द्या आणि काम संपेपर्यंत स्क्रीनसमोरून उठू नका. फोन आपणहून आला असेल, तर समोरचा बँकेचं नाव सांगो की सरकारचं, नंबर देऊ नका. दिला गेलाच असेल तर आधी इंटरनेट तोडा, मग बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर लावा.