महूबद्दल विकिपीडियावर लिहिताय? मग हे वाचाच
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूतला, १४ एप्रिल १८९१चा. इथली छावणी १८१८ची, आणि शहराचं नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झालं. हे सगळं ठिकठिकाणी छापलेलं आहे, म्हणून विकिपीडियावर टिकतं. पण इथल्या एखाद्या जुन्या मराठी घरातली, आजोबांनी सांगितलेली आठवण लिहिली, की कुणीतरी ती उलटवतं. कारण, छापील संदर्भ नाही. नियम मला पटतो. नवख्याला काहीच न समजावता त्याचं लेखन पुसणं मात्र अजिबात पटत नाही. इंग्रजी विकिपीडियाबद्दल २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही हेच दिसलं: चांगल्या हेतूने आलेल्यांचं लेखन उलटवलं जाऊ लागलं आणि ते टिकेनासे झाले.

म्हणून आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर, सराव करा. एका वेळी एक-दोनच वाक्यं घाला, सोबत पुस्तकाचं नाव नि पान क्रमांक द्या. तरीही मजकूर उडालाच तर लेखाचा ‘इतिहास’ उघडा. जुनी आवृत्ती सहसा तिथे शाबूत असते, आणि काढणाऱ्याने कारण लिहिलं असेल तर तेही दिसतं. मग चर्चा पानावर विचारा. तिथे कुणी बोललं नाही, तर मराठी विकिपीडियाची चावडी, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेचं पान, आहे.