आम्हाला न्या, नातवंडांना राहू द्या!

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिच्या माहेरी माजघरात धान्याची एक कणगी होती आणि त्या कणगीच्या तळाशी काशाची एक जड, गोल तबकडी पडलेली असे. तिच्यावर इंग्रजीत एक नाव होते. ते आजीच्या थोरल्या भावाचे. पहिल्या महायुद्धात तो मराठा पलटणीतून ‘बसऱ्याच्या लढाई’ला गेला, तो परत आलाच नाही. सरकारने तबकडी पाठवली, गावाने मान दिला. पण माझ्या पणजीने ती देवघरात ठेवली नाही की भिंतीवर लावली नाही. धान्याखाली लोटून दिली. ‘असं का गं केलं तिनं?’ असे मी लहानपणी विचारले तेव्हा आजी एवढेच म्हणाली, ‘‘पोराला न्हेताना तिला कुनी इचारलं हुतं का?’’

कित्येक वर्षांनी ती तबकडी मला आठवली, न्यूयॉर्कमधल्या अठरा आज्यांची हकीगत वाचताना. बसरा आहे इराकमध्ये, आणि या आज्यांचे भांडणही इराकच्याच लढाईशी होते.

मार्च २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केला. ज्या संहारक अस्त्रांचे कारण पुढे केले होते, ती नंतर सापडलीच नाहीत. त्या हल्ल्यात अली अब्बास नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचे आईवडील गेले आणि त्याचे दोन्ही हातही गेले. त्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. न्यूयॉर्कमधल्या जोन वाइल या सत्तरी ओलांडलेल्या गायिका आणि गीतकार. ते छायाचित्र पाहून त्यांना स्वस्थ बसवेना. १४ जानेवारी २००४ पासून दर बुधवारी दुपारी साडेचार ते साडेपाच या वेळात त्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, रॉकफेलर सेंटरपाशी फलक घेऊन उभ्या राहू लागल्या. न्यूयॉर्कचा जानेवारी म्हणजे हाडे गोठवणारा. सुरुवातीला मोजकीच माणसे होती. हळूहळू आणखी आज्या येऊन मिळाल्या.

त्या खंडात हे अगदीच नवे नव्हते. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात १९८७ मध्ये काही ज्येष्ठ बायकांनी फुलाफुलांच्या टोप्या घालून आणि शाली पांघरून अण्वस्त्रांविरुद्ध विडंबनगीते म्हणायला सुरुवात केली होती. ‘रेजिंग ग्रॅनीज’, म्हणजे संतापलेल्या आज्या, हे त्यांचे नाव. न्यूयॉर्कच्या आज्या मात्र गाण्यावर थांबल्या नाहीत.

१७ ऑक्टोबर २००५. टाइम्स स्क्वेअरमधल्या लष्कराच्या भरती कार्यालयाच्या दारात आज्यांचा घोळका येऊन उभा राहिला. कोणाच्या हातात काठी, कोणाला वॉकर. म्हणणे एवढेच, की आम्हाला भरती करून घ्या. आम्ही आयुष्य भोगून झालो आहोत. ज्या पोरांचे अजून सगळे व्हायचे आहे, त्यांच्या जागी आम्हाला धाडा. आतल्या मंडळींनी दार बंद करून घेतले. मग आज्यांनी दाराशीच ठिय्या दिला. पोलिसांनी हलायला सांगितले, त्या हलल्या नाहीत. अठरा जणींना बेड्या घालून नेले आणि काही तास कोठडीत ठेवले. त्यातल्या सर्वांत वडील मेरी रनियन तेव्हा नव्वद वर्षांच्या होत्या आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

आता कोणी म्हणेल, हा केवळ तमाशा होता. नव्वदीच्या बाईला कोण सैन्यात घेणार? पण जरा थांबून पाहावे. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती १९७३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून मुलांना राजी करावे लागते. कॉलेजच्या फीचे पैसे हे त्यातले एक मोठे आमिष. साहजिकच ज्याच्या घरी फी भरायची ऐपत नाही, त्याच्या मनात हा विचार लवकर येतो. २००२ मध्ये अमलात आलेल्या शिक्षण कायद्याने तर सरकारी मदत घेणाऱ्या शाळांवर विद्यार्थ्यांची नावे आणि फोन नंबर भरती अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातले. पालकांनी लेखी नकार दिला तरच सुटका. आज्यांनी नेमके बोट ठेवले ते इथे: लढाई ठरवतो कोण आणि जातो कोण?

एप्रिल २००६ मध्ये मॅनहॅटनच्या न्यायालयात सहा दिवस खटला चालला. आज्यांनी साक्षीला उभे राहून आपण तेथे का गेलो ते सांगितले. २७ एप्रिलला न्यायाधीशांनी सर्वांची निर्दोष सुटका केली. ये-जा करायला वाट मोकळी होती, हे त्यांनी मान्य केले. निकाल वाटेबद्दल होता, युद्धाबद्दल नव्हता. तरी एरवी ज्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही अशा बायकांचे म्हणणे त्या निमित्ताने देशभर पोहोचले.

एकदा सुटलो, गाजलो, झाले, असे त्यांनी केले नाही. ‘ग्रॅनी पीस ब्रिगेड’ या नावाने त्या काम करत राहिल्या. मुलांना आणि पालकांना पत्रके वाटून त्या लेखी नकाराच्या हक्काची माहिती देत राहिल्या. मला हे काम त्या अटकेहून मोठे वाटते. मेरी रनियन २०१८ मध्ये वयाच्या १०३ व्या वर्षी गेल्या. आयुष्यभर त्या भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडल्या होत्या. लढणे हा त्यांचा म्हातारपणीचा छंद नव्हता.

आज्यांनी युद्ध थांबवले का? नाही. अमेरिकेने सैन्य मागे घेतले ते २०११ च्या डिसेंबरात. तोवर तिचे जवळजवळ साडेचार हजार सैनिक मेले होते आणि इराकी माणसे तर त्याच्या कितीतरी पट.

हे सारे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होते, असे मी म्हणणार नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या तिथली मुले सैन्यात जात राहिली. तिथल्या एखाद्या आजीला ‘नातवाला पाठवू नको’ असे सांगायची माझी प्राज्ञा नाही. सीमेवर कोणीतरी उभे आहे म्हणून मी इथे निवांत लिहिते, हे मला कळते. पण वीरमातेचा सत्कार करताना आपण तिला शाल देतो, श्रीफळ देतो. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असे मात्र विचारत नाही. तिने रडावे ते घरात, बाहेर ताठ उभे राहावे, ही आपली अपेक्षा.

आपल्याच मुंबईत १९७० च्या दशकात मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. भाव ठरवणे हे बायकांचे काम नव्हे, असे तेव्हाही म्हणणारे होतेच. बायकांनी उत्तर दिले: चूल आम्ही पेटवतो, तेव्हा बोलणारही आम्हीच. न्यूयॉर्कच्या आज्यांचे म्हणणे याहून वेगळे नाही. मुले वाढवली आम्ही, तेव्हा त्यांना कुठे पाठवायचे यावर बोलणारही आम्हीच.

आता माझाच नातू सतरा वर्षांचा आहे. आजीच्या माहेरचे घर केव्हाच पडले, कणगी गेली, तबकडीही कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. पणजी बिचारी काही बोलली नाही. तिने ती तबकडी फक्त धान्याखाली लोटली. तिचा तो न विचारलेला प्रश्न जवळजवळ नव्वद वर्षांनी, तिच्याच वयाच्या अठरा परक्या बायकांनी भरतीच्या दारात जाऊन विचारला. दार उघडले नाही हे खरे. पण प्रश्न आता कणगीच्या तळाशी राहिलेला नाही.