मगरिजचा मायब्रिज

एकोणिसाव्या शतकात युरोपातून अमेरिकेत जाऊन जे लोक तेथे कायमचे स्थायिक झाले, त्यांपैकी माग काढण्यास सर्वांत अवघड कोण, असे विचारले तर उत्तर काहीसे अनपेक्षित येते. जर्मन नव्हे, नॉर्वेजियन नव्हे, इटालियनही नव्हे, तर इंग्रज. जर्मन मनुष्य अमेरिकेत उतरला की आपल्या भाषेचे चर्च शोधी, आपल्या भाषेचे वर्तमानपत्र घेई, होईल तेथवर आपल्या गाववाल्यांच्या शेजारी घर करी. आणि त्या चर्चच्या वहीत पुष्कळदा त्याच्या मूळ गावाचे नाव लिहिले जाई. इंग्रजाला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. भाषा तीच, कायद्याची घडण ओळखीची, नावेही तेथल्या लोकांसारखीच. बंदराबाहेर पडून तो एकदा गर्दीत मिसळला की दिसेनासा होई. शार्लट एरिक्सन या इतिहासकार विदुषीने इंग्रज व स्कॉटिश स्थलांतरितांची पत्रे संपादून १९७२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ग्रंथाला 'अदृश्य स्थलांतरित' अशा अर्थाचेच नाव दिले. ते यथार्थ आहे.

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्यास पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना मूळ गावाचा पत्ता लावावयाचा असला तर नाशिकचे किंवा त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आहेत. त्यांच्या चोपड्यांत गाव, कूळ, भाऊबंद सारे एका ठिकाणी सापडण्याचा संभव असतो. अमेरिकेतील शोधकाला असा उपाध्याय नाही. त्याच्या खापरपणजोबाच्या नोंदी दहा कचेऱ्यांत विखुरलेल्या असतात, आणि त्या एकत्र बांधणारा दोरा एकच : नाव. हा दोरा किती कच्चा असू शकतो, हे एका प्रसिद्ध इंग्रजाच्या चरित्रावरून चांगले कळते.

धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे छायाचित्रांच्या ओळीने ज्याने दाखवून दिले त्या एडवर्ड मायब्रिजचे नाव चलच्चित्राच्या इतिहासात अग्रभागी येते. जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे बारा कॅमेरे ओळीने मांडून त्याने हा प्रयोग केला. परंतु मायब्रिज नावाचे मूल इंग्लंडात कोठे जन्मले, हे शोधावयास कोणी बसला तर त्याच्या हाती काही लागणार नाही. ९ एप्रिल १८३० रोजी थेम्सकाठच्या किंग्स्टन गावी जन्मला तो एडवर्ड जेम्स मगरिज. धान्याच्या व कोळशाच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा.

इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्यापूर्वी जन्मलेल्यासाठी पॅरिशच्या चर्चमधील बाप्तिस्म्याची वही हाच मुख्य आधार. खानेसुमारीत माणसांची नावे १८४१ पासून आली खरी. पण त्या वर्षी प्रौढांची वये बहुधा पाचाच्या पटीत उतरवून लिहिली, आणि जन्मस्थानाबद्दल एवढेच विचारले की, याच परगण्यात जन्मला की बाहेर. कोणत्या पॅरिशमध्ये जन्मला, हा प्रश्न १८५१ साली आला. म्हणजे १८५० पूर्वी देश सोडून गेलेल्या तरुणाला मायदेशात त्याचे गाव कोणी विचारलेच नाही. शिवाय इंग्लंडच्या बंदरांतून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या ज्या याद्या पद्धतशीर टिकून आहेत त्या १८९० पासूनच्या. शोधाचा आरंभ म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावर करावा लागतो तो यामुळे.

पलीकडे मात्र कागद पुष्कळ. अमेरिकेने १८१९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, १८२० पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने प्रवाशांची यादी बंदराच्या जकात अधिकाऱ्याकडे देणे बंधनकारक झाले. नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, आणि कोणत्या देशाचा. देशाच्या रकान्यात बहुधा 'इंग्लंड' एवढाच शब्द असतो. शोधक ज्या गावासाठी तळमळत असतो ते गाव नसते. न्यूयॉर्कला १८५५ पासून कॅसल गार्डन येथे आणि १ जानेवारी १८९२ पासून एलिस बेटावर आगंतुकांची तपासणी होई. एलिस बेटावरच्या लाकडी इमारती १५ जून १८९७ रोजी जळाल्या, तेव्हा जुनी दप्तरे खाक झाली. पण जकात अधिकाऱ्यांकडच्या याद्या वेगळ्या ठेवल्या असल्यामुळे बचावल्या.

अमेरिकन घराण्यांत एक दंतकथा फार आवडीने सांगितली जाते. आमचे आडनाव एलिस बेटावरच्या कारकुनाने बदलले, अशी ती कथा. ती जवळजवळ कधीच खरी नसते. याद्या जहाज निघण्याच्या बंदरातच तयार होत. बेटावरचा कारकून पुढ्यातल्या यादीशी माणूस ताडून पाही. नाव बदलले ते बहुतेक वेळा त्या माणसाने स्वतः, आपल्या सोयीने, आणि पुढे केव्हातरी. त्या काळच्या इंग्रजी व अमेरिकन कायद्याप्रमाणे फसवणुकीचा हेतू नसेल तर मनुष्य नवे नाव नुसते वापरू लागला तरी पुरे. अर्ज नको, शिक्का नको. म्हणून नाव बदलल्याचा कागद शोधण्यात वर्षे घालवणारे लोक मला खरोखर दयनीय वाटतात. तो कागद बहुधा कधी लिहिलाच गेलेला नसतो.

मगरिजने हेच केले. वयाच्या विशीत, १८५० च्या आसपास, तो अमेरिकेत गेला, लंडनच्या एका मुद्रण-प्रकाशन कंपनीची पुस्तके खपवू लागला, आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. तेथे १८५६ च्या सुमारास मॉन्टगोमेरी रस्त्यावर एक पुस्तकविक्रेता आढळतो. त्याचे नाव ई. जे. मायग्रिज. १८६७ मध्ये त्याच शहरात योसेमिटी खोऱ्याची छायाचित्रे विकणारा एक मनुष्य दिसतो. त्याचे नाव मायब्रिज, आणि चित्रांवर छाप 'हेलिओस', म्हणजे सूर्य. 'एडवर्ड' या साध्या नावाचीही वर्णरचना त्याने पुढे जुन्या सॅक्सन वळणाची केली. किंग्स्टनमध्ये सॅक्सन राजांच्या राज्याभिषेकाचा म्हणून एक दगड आहे. १८५० साली तो चौथऱ्यावर बसवून राजांची नावे खाली कोरली, त्यांवरून ही लेखनपद्धती त्याने उचलली, असे मानतात. मगरिज, मायग्रिज आणि मायब्रिज हे तीन इसम नसून एकच, हे कसे ठरले?

येथे एका अपघाताने काम केले. जुलै १८६० मध्ये तो टपाल नेणाऱ्या घोडागाडीतून खुष्कीच्या मार्गाने पूर्वेकडे निघाला. टेक्सासात घोडे उधळले, गाडी फुटली, आणि त्याच्या डोक्यास जबर मार बसला. शुद्धीवर आला तेव्हा नऊ दिवस उलटले होते आणि तो आर्कान्सामधील फोर्ट स्मिथ येथे अंथरुणावर होता. एका वस्तूच्या दोन दिसत. चव आणि वास गेले होते. त्याने गाडीच्या कंपनीवर दावा लावला, अडीच हजार डॉलर मिळवले, उपचारासाठी इंग्लंडला गेला, आणि तेथे १८६० व १८६१ मध्ये दोन पेटंटांसाठी अर्ज केले. एक छपाईच्या सुधारित रीतीचे, दुसरे कपडे धुण्याच्या यंत्राचे. माणूस दु:खात सापडला की कागद वाढतात, हा वंशशोधकांचा रोकडा अनुभव आहे. सुखाने नांदलेल्या खापरपणजोबाबद्दल खानेसुमारीच्या चार ओळी मिळतात. दिवाळे काढलेल्या, जखमी झालेल्या किंवा कोर्टात खेचलेल्या खापरपणजोबाबद्दल बाड मिळते.

मायब्रिजचे बाड कोर्टात तयार झाले. १८७१ मध्ये त्याने फ्लोरा नावाच्या, आपल्याहून पुष्कळ लहान असलेल्या स्त्रीशी विवाह केला. एप्रिल १८७४ मध्ये मुलगा झाला; त्याचे नाव फ्लोराडो हेलिओस ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुइणीच्या घरी मायब्रिजला त्या बाळाचे एक छायाचित्र दिसले. त्याच्या पाठीवर पत्नीच्या हस्ताक्षरात लिहिले होते : 'छोटा हॅरी'. हॅरी लार्किन्स हा तिचा स्नेही. १७ ऑक्टोबर १८७४ रोजी मायब्रिज कॅलिस्टोगाजवळच्या एका खाणीवर गेला आणि लार्किन्सला त्याने गोळी घालून ठार केले. फेब्रुवारी १८७५ मध्ये नापा येथे खटला उभा राहिला. डोक्याच्या जुन्या इजेमुळे आरोपीची बुद्धी ठिकाणावर नाही, असा बचाव वकिलांनी मांडला, आणि त्याला जुने ओळखीचे लोक साक्षीस आणले. त्यांनी शपथेवर सांगितले की, अपघातापूर्वी हा मनुष्य हसतमुख व व्यवहारी होता. परतला तो चिडखोर आणि विक्षिप्त होऊन. पुस्तकविक्रेता आणि छायाचित्रकार एकच, याला याहून सबळ पुरावा कोणता हवा? नाव बदलले तरी ओळखणारी माणसे बदलत नाहीत. कसलेले शोधक एका माणसाचा पाठलाग करीत नाहीत. त्याचे शेजारी, भागीदार, साक्षीदार, लग्नातले जामीन या साऱ्या मेळ्याचा करतात, ते याचसाठी. ज्यूरीने वेडेपणाचा बचाव मानला नाही. कृत्य समर्थनीय ठरवून त्याला सोडून दिले. लगेच तो मध्य अमेरिकेस गेला. तेथे त्याने आपले नाव एदुआर्दो सान्तियागो असे लावले. सान्तियागो हे जेम्सचेच स्पॅनिश रूप.

फ्लोरा जुलै १८७५ मध्ये वारली. मूल अनाथाश्रमात गेले. फ्लोराडोने पुढे गुराढोरांच्या मळ्यावर आणि माळीकाम करून दिवस काढले, आणि १९४४ मध्ये सॅक्रामेंटो येथे मोटारीखाली सापडून तो मेला. बाप जगप्रसिद्ध, पण त्याने हा मुलगा आपला मानला नाही. मौज म्हणावी की दैवदुर्विलास, फ्लोराडोच्या मोठेपणीच्या छायाचित्रांत चेहरा मायब्रिजशी विलक्षण मिळतो, असे पाहणारे सांगतात. कागदावर तो अखेरपर्यंत मायब्रिजच राहिला. वंशावळीच्या तक्त्यात बापाच्या नावाखाली जी सरळ रेघ आपण ओढतो, ती रक्ताची असते की नोंदीची, हा प्रश्न येथे फार अवघडपणे समोर येतो; आणि एका छायाचित्राच्या पाठीवरच्या दोन शब्दांवरून एकाचा प्राण व दुसऱ्याचे बालपण गेले, हे विसरता येत नाही.

ज्यांचा पूर्वज असा गाजलेला नव्हता, त्यांची भिस्त निराळ्या कागदांवर असते. अमेरिकन खानेसुमारीत घरातील प्रत्येकाचे नाव १८५० पासून येते. १८८० मध्ये आईबापांची जन्मभूमी विचारली. १९०० मध्ये तर देशात कोणत्या साली आलात, नागरिक झालात काय, जन्माचा महिना कोणता, हेही विचारले. मधली १८९० ची पत्रके १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे जवळजवळ सर्व नष्ट झाली. वीस वर्षांच्या या भगदाडात कित्येक घराणी गडप झालेली आहेत. नागरिकत्वाचे कागद १९०६ पूर्वी कोणत्याही लहानमोठ्या न्यायालयात होत, आणि त्यांत अर्जदार व्हिक्टोरिया राणीवरील निष्ठा सोडतो, यापलीकडे बहुधा काही नसते.

खरी लूट मिळते ती शेतकऱ्याच्या दप्तरात. १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे. परदेशातून आलेल्यानेही नागरिक होण्याचा इरादा कोर्टात नोंदवला असला म्हणजे अर्ज करता येई; पण पट्टा मिळण्यापूर्वी नागरिकत्व सिद्ध करावे लागे आणि दोन साक्षीदार उभे करावे लागत. घर केवढे, खिडक्या किती, विहीर आहे काय, किती एकर नांगरले, घरात कोण कोण आहे, हे सारे साक्षीदार सांगत आणि कारकून लिहून घेई. यादवी युद्धात लढलेल्यांच्या पेन्शनची दप्तरे अशीच बोलकी. विधवेला आपला विवाह सिद्ध करावा लागे. कागद नसला तर शेजारीपाजारी प्रतिज्ञालेख करून देत, आणि त्यांत विलायतेतल्या गावाचे नाव एखाद्या वेळी अवचित निघून येई. अशी बहुतेक दप्तरे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पुष्कळशी आता घरबसल्या संगणकावर वाचता येतात. पण यंत्राला जे नाव द्यावे तेच ते शोधते. मगरिज विचारले तर ते मायब्रिज दाखवीत नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या शोधकाची स्थिती आणखी बिकट. एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर पेटलेल्या आगीत त्या शहराची जन्म, विवाह, मृत्यूची बहुतेक जुनी दप्तरे जळाली. उरल्या त्या दरवर्षी छापल्या जाणाऱ्या शहराच्या डिरेक्टऱ्या. कारण त्यांच्या प्रती इतरत्रही होत्या. नाव, धंदा, पत्ता. एका माणसाला एक ओळ. वर्षामागून वर्ष या ओळी खालीखाली मांडल्या की, नाव सरकत गेले तरी धंदा व पत्ता त्याला धरून ठेवतात. कंटाळवाणे काम आहे. पण याला पर्याय नाही.

मायब्रिजने १८८७ मध्ये प्राण्यांच्या व माणसांच्या हालचालींचा ७८१ चित्रफलकांचा प्रचंड संग्रह प्रसिद्ध केला. आयुष्याची अखेरची वर्षे त्याने किंग्स्टनलाच काढली. आपली चित्रे, यंत्र आणि वर्तमानपत्रांतील कात्रणांची वही त्याने जन्मगावाला ठेवली, आणि ८ मे १९०४ रोजी तो निवर्तला. दहन वोकिंगला झाले आणि रक्षा तेथेच पुरली. वर जो दगड बसवला आहे त्यावर नाव कोरले आहे ते मगरिज नव्हे, मायग्रिज नव्हे, मायब्रिजही नव्हे. पाथरवटाने लिहिले आहे : 'मेब्रिज'.