जुलैतलं दार, एप्रिलमधलं दार

एप्रिलमध्ये एका बोटानं लागणारं झोपायच्या खोलीचं दार जुलैत खांद्यानं रेटावं लागतं. सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत दर पावसाळ्यात हेच होतं. मग सुतार येतो, घासणाऱ्या कडेवर रंधा मारतो आणि दार मोकळं होतं. होळी येईपर्यंत त्याच दाराची कडी कोयंड्यात नीट बसेनाशी होते, फटीतून पलीकडचा उजेड दिसू लागतो. यात सुताराचा दोष नाही. दार निवडताना रंग पाहिला जातो, नक्षी पाहिली जाते, भाव केला जातो. त्या खोलीतली हवा मात्र कुणी विचारात घेत नाही.

लाकूड कापल्यावरही हवेतली वाफ शोषतं आणि परत सोडतं. तापमान 30 अंश आणि हवेतली आर्द्रता 40 टक्के असेल, तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या 7 ते 8 टक्के पाणी राहतं. आर्द्रता 80 टक्क्यांवर गेली, की हेच प्रमाण 16 टक्क्यांच्या घरात पोचतं. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरतं आणि भिंती फुगतात. तंतूंच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, लाकूड जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीत.

सागवान या बाबतीत सर्वांत शांत लाकडांपैकी एक. तरीही सागाच्या फळ्या नुसत्या एकमेकींना चिकटवून तीन फुटी दार केलं आणि त्यातलं पाणी 8 टक्क्यांनी वाढू दिलं, तर ते सुमारे 13 मिलिमीटर रुंद होऊ शकतं. अर्ध्या इंचाहून जास्त! पॅनेलच्या दारात ही अडचण सुतारांनी शेकडो वर्षांपूर्वीच सोडवली. दोन्ही बाजूंना चार-साडेचार इंचांच्या उभ्या पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि मधलं पॅनेल खाचेत नुसतं सरकवलेलं, न चिकटवता. पॅनेल खाचेतल्या खाचेत फुगतं आणि आकसतं. दाराच्या रुंदीत फरक पडतो तो फक्त दोन उभ्या पट्ट्यांचा, जेमतेम 3 मिलिमीटर. म्हणून खाचेत गोंद भरून पॅनेल पक्कं करून देणाऱ्याला तिथेच थांबवावं. पक्केपणाच्या नावाखाली तो दाराचा श्वास कोंडतो आहे.

हवा मात्र गावागणिक बदलते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माण आणि आटपाडीकडे पाचशेच्या आसपास. आटपाडीत वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं राहिलेलं दार महाबळेश्वरच्या घरात पहिल्याच आषाढात अडेल. दार एकीकडे बनवून लगेच दुसरीकडे बसवण्यापेक्षा ते आठ-पंधरा दिवस त्याच घरात, रंग न लावता, उभं ठेवलेलं बरं. तिथल्या हवेची त्याला सवय होऊ द्यावी.

आता बहुतेक घरांत फ्लश डोअर येतं. आत लाकडी पट्ट्या, दोन्ही बाजूंना आडवे-उभे तंतू ठेवून दाबलेले पातळ थर. एका थराला रुंदीत फुगायचं असतं, तेव्हा शेजारचा त्याला लांबीनं धरून ठेवतो, म्हणून हे दार कमी हलतं. पण त्याचा जीव डिंकात असतो. युरिया फॉर्माल्डिहाइडचा डिंक सतत ओल लागली की सुटू लागतो. फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा उकळत्या पाण्यालाही पुरून उरतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. असं पाणी घरात दिवसेंदिवस साचलं, की स्वस्त दाराचे थर वहीच्या पानांसारखे उलगडतात. नदीकाठच्या वस्तीत तळमजल्यासाठी दार घेताना ‘बीडब्ल्यूपी’ (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा डिंक) आणि भारतीय मानक 2202 हा शिक्का कडेवर शोधावा. त्यासाठी चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्यावेत.

न्हाणीघराला मात्र लाकूड नकोच. लाकडी दाराच्या खालच्या भागावर पत्रा ठोकायची जुनी पद्धत फसवी आहे. खिळ्यांच्या भोकांतून पाणी आत जातं आणि पत्र्यामागे वाळत नाही. ग्रॅनाइटची चौकट आणि पीव्हीसी किंवा एफआरपीचं दार तिथे उत्तम. जागा असेल तर ते बाहेर उघडावं. आत कुणी म्हातारं माणूस दाराला टेकून पडलं, तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

अभ्यासाच्या खोलीसाठी जड दार घेणाऱ्यांनी खालची फट मोजावी. तीन बाय सात फुटांच्या दाराखाली अर्धा इंच मोकळा असेल, तर ती जागा दाराच्या 0.6 टक्के भरते. एवढ्याशा फटीमुळे दार कितीही जाड असलं तरी आवाज साधारण 22 डेसिबलपेक्षा जास्त अडत नाही. पैसे जाडीवर घालण्याआधी खाली रबरी पट्टी लावावी.

आणि बिजागऱ्या. 30 किलोचं, तीन फूट रुंद दार पाच फूट अंतरावरच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलं, की वरची बिजागरी 9 किलोच्या ओढीनं चौकटीबाहेर खेचली जाते, दिवसरात्र. जुन्या वाड्यांच्या जोडदारात हाच भार दोन झडपांत वाटला जाई: वजन निम्मं, रुंदी निम्मी, म्हणून प्रत्येक झडपेची ओढ चौथाई. आजच्या एकपाखी दाराला तिसरी बिजागरी हवी, आणि ती वरच्या बिजागरीच्या जवळ.

दार अडलंच, तर रंध्याआधी फट पाहावी. उभी फट वरपासून खालपर्यंत सारखीच बुजली असेल, तर लाकूड फुगलं आहे, दिवाळीपर्यंत थांबावं. फट पाचरीसारखी, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला बंद असेल, तर बिजागरी ढिली झाली आहे किंवा चौकटच कलली आहे. वाळवा-पलूसकडच्या काळ्या मातीत चौकट कलण्याची शक्यता आधी तपासावी. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया कच्चा असेल तर भिंतीही हलवते. तिथे दार तासून उपयोग नाही.

तंतूंच्या कापलेल्या टोकांतून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं, आणि ती टोकं दाराच्या वरच्या-खालच्या कडांना असतात. रंगारी समोरच्या बाजू चकचकीत करतो. खालची कड कुणाला दिसत नाही, म्हणून कोरी राहते. दार बिजागरीवर चढण्याआधी ते आडवं करून घ्या आणि त्या कडेला रंगाचे दोन हात आपल्यासमोर मारून घ्या.